कणगीची किल्ली कुणाकडे?

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात पहिल्या शेतकऱ्यांबद्दल लिहिलं, आणि आलेली पत्रं वाचण्यात दोन सकाळी गेल्या. बहुतेकांचा रोख एकच : शेती आली हे कळलं, पण रानातून माणूस शहरात पोचला कसा? पाच पत्रं निवडली आहेत. नव्या वाचकांना एवढंच सांगतो, की मी प्राध्यापक नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी वाढलो आणि एकतीस वर्षं सरकारी धान्य गोदामात नोकरी करून निवृत्त झालो. जुनं वाचायचा नाद कसा लागला ते शेवटच्या उत्तरात येईल. तोवर पोती, तूट आणि उंदीर जरा जास्त दिसले तर खोड म्हणून सोडून द्या.

सहावीच्या वर्गात मी फळ्यावर लिहिलं : शेती, जादा धान्य, शहर. मागच्या बाकावरचा मुलगा उठून म्हणाला, ‘‘बाई, आमच्या रानात यंदा साठ पोती ज्वारी झाली. मग आमच्या गावाची बार्शी का नाही झाली?’’ मला उत्तर सुचलं नाही.
*– एक शिक्षिका, बार्शी तालुका*

बाई, या प्रश्नावर विद्वानांच्या दोन पिढ्या भांडल्या आहेत, तेव्हा तुम्हाला उत्तर सुचलं नाही यात कमीपणा नाही. फळ्यावरचे शब्द बरोबर आहेत, पण मधलं अंतर फार मोठं आहे. पश्चिम आशियात गहू-जव पेरायला लागल्यापासून शहर उभं राहीपर्यंत साधारण पाच हजार वर्षं गेली. तेवढ्या काळात धान्य उरतच नव्हतं? उरत होतं. पावसाचा भरवसा नाही अशा मुलखात जो एकाच वर्षापुरतं पिकवतो तो पुढच्या वर्षी उपाशी राहतो. दोन सुग्यांपुरतं घरात असणं ही शेतकऱ्याची रीतच आहे, मग तो सोलापूरचा असो की सीरियाचा.

तुर्कस्तानात कोन्याच्या मैदानात चातालह्योयुक नावाचं टेकाड आहे. इ.स.पू. ७१०० च्या सुमारास तिथे लोक राहायला आले आणि हजारभर वर्षं राहिले. वस्ती तेरा हेक्टरांवर. घराला घर इतकं खेटून, की मध्ये गल्लीच नाही. लोक धाब्यांवरून चालायचे आणि धाब्यातल्या भोकातून शिडीने घरात उतरायचे. माणूस गेला की त्याला घरातच जमिनीखाली पुरायचं आणि वरून सारवून घ्यायचं. आकाराने आपलं एखादं मोठं बाजारगाव. तरी बरेच अभ्यासक त्याला शहर म्हणायला तयार होत नाहीत. तिथले नकाशे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझी नजर साहजिकच कोठ्यांवर गेली. घरोघरी आतल्या बाजूला स्वतःची मातीची कोठी. वाडा नाही, मोठं देऊळ नाही, गावचं धान्य येऊन पडेल असं गोदाम नाही. एवढी माणसं, आणि ज्याची कणगी त्याच्या घरात.

मग मडकी घडवणाऱ्याने खायचं काय? त्याला आपल्याकडे उत्तर होतं, बलुतं. माझ्या लहानपणी खळ्यावर रास पडली की कुंभार, लोहार, न्हावी, परीट हजर व्हायचे आणि आजोबा ज्याच्या त्याच्या पदरात सुपाने घालायचे. त्या व्यवहारात जातीचा जाच होता, तो विषय मोठा आहे आणि मी तो झाकत नाही. इथे सांगायचं एवढंच, की कुंभाराला ठाऊक असायचं धान्य कुणाच्या रानातलं, आणि आजोबांना ठाऊक असायचं ते कुणाच्या चुलीवर शिजणार. जादा धान्य होतं, कारागीर होते, आणि शेकडो वर्षं गाव गावच राहिलं. रास आणि कुंभार यांच्यामध्ये तिसरा माणूस येऊन उभा राहतो, तिथून शहर सुरू होतं असं माझं मत आहे. तो एकाकडून घेतो, दुसऱ्याला देतो, आणि ते दोघे एकमेकांना जन्मात भेटत नाहीत. हा तिसरा माणूस म्हणजे माझा पूर्वज. गोदाम कीपर.

तो ठसठशीत दिसतो दक्षिण इराकात. तो मुलूख डोळ्यांसमोर आणा. मैलोन्‌मैल गाळाची सपाटी. दगड नाही, इमारती लाकूड नाही, धातू नाही. पाऊस इतका तुटपुंजा की कोरडवाहू पीक उभंच राहत नाही. युफ्रेटिसच्या फाट्यांतून चर खणून पाणी घ्यायचं. बरं, नदीला पूर येतो तो डोंगरातला बर्फ वितळल्यावर, वसंतात, नेमका जव कापणीला आलेला असताना. पेरणीला हवी तेव्हा नदी तळाशी, आणि नको तेव्हा बांधावर. पण वेळेवर पाणी मिळालं तर पीक भरघोस. शिवाय दलदलीत मासे, काठाने खजूर, पडीक रानात मेंढ्या. असा श्रीमंत आणि दगाबाज मुलूख. तिथे एकट्याची कणगी पुरत नाही. एका बांधाला भगदाड पडलं की दहा घरांचं वर्ष वाहून जातं.

मग सामायिक कणगी ठेवायची कुठे? जिथे हात घालायला चोर भितो तिथे. एरिदू या ठिकाणी १९४६ ते १९४९ या काळात इराकच्या पुरातत्त्व खात्याने खणलं, तेव्हा एकाच जागी एकावर एक असे अठरा थर लागले. अगदी खालच्या देवळांपैकी एक म्हणजे जेमतेम तीन मीटर लांबरुंद खोली, भिंतीत कोनाडा, मध्ये ओटा. आपल्या मळ्यातल्या म्हसोबाच्या घुमटीसारखी. वर येत जावं तसं देऊळ मोठं होतं आणि चौथऱ्यावर चढतं. एका वरच्या थरात माशांच्या काट्यांचे थरच्या थर मिळाले. नैवेद्य. देवापुढे येतं, देव खात नाही, ते उरतं, आणि उरलेलं वाटायला कुणीतरी लागतो. त्या घुमटीमागे कोठार कसं उभं राहिलं असेल हे ताडायला मला फारसा पुरावा लागत नाही. तरी पुरावा आहे, आणि तो उरुकमध्ये आहे.

उरुक म्हणजे आजचं वारका. इ.स.पू. ३२०० च्या आसपास ते अडीचशे हेक्टरांवर पसरलं होतं. लोकसंख्येचे अंदाज वीस ते चाळीस हजारांचे. तिथल्या मातीतून काय निघावं? मातीचीच ओबडधोबड वाडगी, तिरप्या काठाची, साच्यात दाबून केलेली, टोपल्याच्या टोपल्या. कुणी म्हणतं तो पाव भाजायचा साचा. बरेच जण म्हणतात शिधा मोजून द्यायचं माप. मी दुसऱ्या पक्षाचा, कारण त्यांच्या लिपीत ‘खाणे’ या अर्थाचं चिन्ह म्हणजे माणसाचं डोकं आणि तोंडाशी असलंच वाडगं. ज्याला शिधा मोजून मिळतो तो पेरणारा नव्हे. तो विणकर असेल, वीट थापणारा असेल, पुजारी असेल, मजूर असेल.

आणि ती लिपी! उरुकच्या सगळ्यात जुन्या पाट्या नि तुकडे मिळून पाच हजारांच्या घरात जातात. त्यांत स्तोत्र नाही, राजाची कथा नाही. बहुतेक हिशोब, आणि बाकीच्या याद्या : हुद्द्यांची, भांड्यांची, जनावरांची. मोजायच्या पद्धती डझनभर. माणसं आणि मेंढ्या एका रीतीने मोजायच्या, शिधा दुसऱ्या, जव तिसऱ्या. आजच्या मुलांना हा घोळ वाटेल. आमच्या घरात आंबे शेकड्याने, दूध शेराने, ज्वारी पायलीने आणि कडबा पेंढीने मोजला जायचा आणि कुणाचा गोंधळ होत नव्हता.

त्यांतली एक पाटी माझी फार लाडकी. मजकूर एवढाच : २९,०८६ मापं जव, ३७ महिने, कुशिम. कुशिम हे माणसाचं नाव की हुद्द्याचं, यावर एकमत नाही. जव बहुधा बिअर गाळण्यासाठी होता. कुणाला त्यात जगातलं पहिलं लिहिलेलं नाव दिसतं. मला तीन वर्षं नि एक महिन्याची शिल्लक दिसते. माझ्या ताब्यातल्या एका गोदामात एकदा अकरा पोती कमी भरली. पावसाळ्यात धान्य ओल धरतं, उन्हाळ्यात वजन उतरतं, उंदीर आपला वाटा न विचारता घेतात, हे सगळं लेखी दिलं. रक्कम पगारातून कापली गेली ती गेलीच. तेव्हापासून त्या आकड्यातल्या एकोणतीस हजारांपेक्षा शेवटचे शहाऐंशी मला जास्त बोलके वाटतात. एवढं नेमकं लिहायला लागलं म्हणजे वर कुणीतरी तपासणारा बसलेला होता.

त्या मुलाला सांगा, तुझी साठ पोती घरात राहिली तोवर तुझं गाव गावच. ती ट्रॉलीत बसून ज्या अडत्याच्या काट्यावर गेली, त्या काट्याभोवती बार्शी झाली.

जगातलं पहिलं शहर कोणतं? कृपया एका शब्दात उत्तर द्यावं, परीक्षेला उपयोग होईल.
*– एक परीक्षार्थी, पुणे*

उरुक.

पुढचं गुणांसाठी नाही. सीरियात तेल ब्राक हे ठिकाण उरुकच्या बरोबरीने, काहींच्या मते थोडं आधीच, वाढत होतं. आणि वाढण्याची तऱ्हा अशी, की भोवती विखुरलेल्या वस्त्या पसरत पसरत मध्याकडे सरकल्या. वाड्यावस्त्या मिळून गाव होतं तसं. युक्रेनमध्ये इ.स.पू. ४००० च्या सुमारास तीनशे हेक्टरांपर्यंतच्या वसाहती झाल्या. घरं वर्तुळात, मधोमध मोकळं मैदान, काही मोठ्या सभागृहांसारख्या इमारती, आणि राजवाडा कुठेच नाही. काही शतकांनी लोक ती सोडून गेले. पॅलेस्टाइनमधल्या जेरिकोला तर इ.स.पू. ८००० च्या सुमाराचा साडेआठ मीटर उंच दगडी बुरूज आहे, आत बावीस पायऱ्यांचा जिना. बांधणारे लोक शेती अजून शिकतच होते. ‘पहिलं’ ठरवायला तेव्हा नगरपालिका नव्हती हो.

शेती करून माणूस सुधारला की फसला? आमचं मत विचारू नका, यंदा द्राक्षाला भाव नाही.
*– एक बागाईतदार, निफाड*

हाडांना विचारलं तर ती तुमच्या बाजूने बोलतात. सीरियात अबू हुरेरा इथे सुरुवातीच्या शेतकऱ्यांचे सांगाडे तपासले. बायकांच्या पायाचे अंगठे, गुडघे आणि कंबर झिजलेली. कारण दळण. फिरतं जातं फार नंतरचं. तेव्हा लांबट दगडावर दुसरा दगड गुडघ्यांवर बसून पुढे-मागे ढकलायचा, रोज, तासन्‌तास. आमची आई जात्यावर ओव्या म्हणायची. ओव्यांत माहेर यायचं, पंढरी यायची. कंबरदुखी मात्र ती कधी गायली नाही.

दातांचंही तेच. धान्याचा पिठूळ घास आला आणि दात किडले. बलुचिस्तानात बोलन खिंडीच्या पायथ्याशी मेहरगड आहे, आपल्या उपखंडातलं शेतकऱ्यांचं सगळ्यात जुनं माहीत असलेलं मोठं गाव. सिंधूकाठची शहरं उभी राहण्याच्या हजारो वर्षं आधी तिथल्या नऊ माणसांच्या अकरा दाढा गारगोटीच्या टोकाने कोरलेल्या आढळल्या, आणि कोरल्यानंतरही ती माणसं जगली, चावत राहिली. मणी भोकं पाडणाऱ्या कारागिरांचंच हे हस्तकौशल्य असावं असं म्हणतात. भूल काय दिली असेल याचा विचार मी करत नाही.

मग लोक मागे का फिरले नाहीत? पेज. शिजवलेलं मऊ धान्य मिळालं की मूल लवकर अंगावरून सुटतं, आणि आईला पुढचं मूल लवकर होतं. भटकणाऱ्या बाईला दोन लेकरं कडेवर घेऊन चालता येत नाही, घरात बसलेलीला चार सांभाळता येतात. तोंडं वाढली की तेवढी शिकार आणि तेवढी कंदमुळं कोणत्या रानात मिळणार? परतीची वाट आपोआप बुजली. तुम्हीही द्राक्षाला भाव नाही म्हणून हरणामागे जाणार नाही; फार तर पुढच्या वर्षी टोमॅटो लावाल.

तुम्ही देऊळ आणि कोठार यांवर फार भर देता असं मागच्या अंकातही जाणवलं. सिंधू संस्कृतीत देऊळ सापडत नाही, राजवाडा सापडत नाही. मग तिथे धान्य कुणाच्या ताब्यात होतं?
*– एक वाचक, न्यू जर्सी (मूळचे सांगलीचे)*

नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. हडप्पा इ.स.पू. ३३०० च्या सुमारास रावीकाठचं एक खेडं होतं. इ.स.पू. २६०० नंतर ते दीडशे हेक्टरांचं शहर झालेलं दिसतं, आणि मोहेंजोदडो त्याहून मोठं. मधल्या सातशे वर्षांत राजा कुठून तरी आला आणि त्याने शहर वसवलं असं दाखवणारं काहीही मिळत नाही. थोराची म्हणावी अशी सोन्यानाण्याने भरलेली कबर नाही.

कोठाराबद्दल सांगतो. १९५० मध्ये मॉर्टिमर व्हीलर या पुरातत्त्वज्ञांनी मोहेंजोदडोच्या स्नानकुंडाशेजारच्या मोठ्या इमारतीला धान्यकोठार म्हटलं, आणि ते पाठ्यपुस्तकांत जाऊन बसलं. हडप्पाच्या तशाच इमारतीलाही तेच नाव चिकटलं. मोहेंजोदडोच्या त्या ‘कोठारात’ धान्याचा दाणा मिळालेला नाही. माझा अनुभव सांगतो. रिकामं गोदाम कधी रिकामं नसतं. फरशीच्या फटीत, दाराच्या खोबणीत, भिंतीच्या कडेला दाणा अडकतोच. झाडूवाल्या बाया वर्षानुवर्षं झाडतात आणि तरी पावसाळ्यात कोपऱ्यात गव्हाचे कोंभ येतात. ती इमारत दुसरी काहीही असू दे, गोदाम म्हणून मी तिचा ताबा घेणार नाही.

लोथलचं निराळं. तिथे चौथऱ्यांच्या एका इमारतीत पासष्ट मातीचे मुद्रांकित गोळे मिळाले. एका अंगाला मुद्रेचा ठसा, दुसऱ्या अंगाला चटईचे, दोरीचे, विणलेल्या कापडाचे वळ. गठ्ठा बांधायचा, गाठीवर ओली माती थापायची, मातीवर मुद्रा दाबायची. आग लागली म्हणून ते गोळे भाजून टिकले. हे वाचलं त्या दिवशी मला घरच्यांनी विचारलं, हसताय का? आम्ही कुलपाच्या कापडी पट्टीवर लाख ओतून पितळी शिक्का दाबायचो. अर्धं बोट भाजायचं. सील तुटलेलं दिसलं की आधी पंचनामा, मग दार. चार हजार वर्षांत फरक एवढाच, की मातीची लाख झाली.

आणि वजनं. चर्ट दगडाचे गुळगुळीत घन, एकाला दोन, दोनाला चार, चाराला आठ असे चौसष्टपर्यंत दुप्पट होत जाणारे. हडप्पापासून लोथलपर्यंत तेच माप. विटांचंही तसंच, उंची-रुंदी-लांबी एकास दोनास चार. शेकडो कोसांवर एकच काटा चालवायला जी शिस्त लागते ती बसवणारा कोणी असणार. तो एक राजा होता, व्यापाऱ्यांची पंचायत होती की मोठ्या घराण्यांचा आपसातला करार होता, यावर वाद घाला. माझा कल पंचायतीकडे. पण तिसरा माणूस तिथेही आहे. फक्त त्याने स्वतःचा पुतळा उभारला नाही.

इनामगाव आपल्याच तालुक्यात. तिथे तीन हजार वर्षांपूर्वी गावप्रमुखाचं घर होतं, कोठार होतं, कालवा होता असं वाचलं. मग तिथे शहर का झालं नाही?
*– महाविद्यालयीन विद्यार्थी, शिरूर*

बाळा, त्या खड्ड्यात मी घमेली वाहिली आहेत.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. त्या वर्षी गावात सुकडी आली, रेशनला लाल मिलो आली. बाहेरून आलेल्या त्या ज्वारीच्या भाकरीला आजीने नावं ठेवली आणि खाल्लीही. गोदाम नावाची वस्तू मी पहिल्यांदा तेव्हा पाहिली : बंद दार, बाहेर रांग. त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात मी पंधरा वर्षांचा होतो. डेक्कन कॉलेजचे लोक १९६८ पासून इनामगावला खणत होते आणि गावोगावचे मजूर लागायचे. रोजगार मिळतो म्हणून गेलो.

पहिल्याच आठवड्यात घराच्या जमिनीखाली दोन मडकी निघाली, आडवी, तोंडाला तोंड लावून. आत तान्ह्या मुलाची हाडं. तिथे अशी कितीतरी निघत. घरी सांगितलं तर आजी म्हणाली, पुरलेल्या लेकराला हात लावू नये, उद्यापासून जायचं नाही. मी गेलो. मोठ्या माणसांचे सांगाडे निघत त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले असत. का, हे खड्ड्यावरच्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, गेलेल्याने घर सोडून जाऊ नये म्हणून असेल. आजीला हे मात्र पटलं.

तू म्हणतोस ते प्रमुखाचं घर पाच खोल्यांचं. त्याच्या अंगणात चार पायांचा, पोटाचा घेर असलेला मातीचा रांजण निघाला, आत पाय दुमडून बसवलेला माणूस, आणि त्याचे पाय तोडलेले नव्हते. घराला लागूनच धान्याची कोठारं. कुंभार, चुना भाजणारा, सोनार अशा कारागिरांची घरं गावाच्या कडेला. नदीकडून पाट आणलेला, पुराला अडवायला बांध घातलेला. जव, गहू, मसूर, कुळीथ पिकवत. म्हणजे किल्ली कंबरेला लावलेला माणूस होता, कुंभार होता, आणि मध्ये कोठार होतं. माझ्या हिशोबाने शहराची सगळी सामग्री. इ.स.पू. १४०० ते १००० हा त्या गावाचा भरीचा काळ.

पण कोठारात येणार किती? उरुकच्या मागे गाळाची अफाट सपाटी आणि ओलिताचा जव. इनामगावच्या मागे पर्जन्यछायेतलं रान. तुलाही ठाऊक आहे आपल्याकडे पाऊस कसा येतो ते. नदीकाठची हलकी, गाळाची पट्टी लाकडी औताने कसता यायची. त्यापलीकडची खोल काळी जमीन भिजली की पायाला चिकटते आणि वाळली की हात जाईल एवढी भेगाळते. ती मोडायला लोखंडाचा फाळ हवा, आणि इनामगावकरांकडे तांबंसुद्धा मोजकं होतं. पट्टीभर जमिनीच्या उत्पन्नावर एक प्रमुख, चार कारागीर पोसता येतात. चाळीस हजार माणसं नाही.

इ.स.पू. १००० नंतर पावसाने हात आखडला असं उत्खनन करणाऱ्यांचं मत आहे, आणि ते खड्ड्यात दिसतं. चौकोनी ऐसपैस घरांच्या जागी गोल, लहान झोपड्या. हरणांची हाडं जास्त. प्रवरेकाठचं दायमाबाद आपल्यापेक्षा कितीतरी मोठं गाव होतं. तिथे सगळी मिळून साठ किलोंहून जास्त वजनाची काशाची चार शिल्पं मिळाली, रथ, हत्ती, गेंडा, रेडा. तेही त्याच सुमारास ओस पडलं. इनामगाव इ.स.पू. ७०० पर्यंत कसंबसं राहिलं. वरच्या थरात काम करताना माझ्या मनात सारखी मिलोची रांग यायची. आमच्याकडे पीक गेलं तेव्हा दुसऱ्या मुलखातलं धान्य आलं, बेचव का असेना. त्यांच्याकडे आणून देणारं कुणी नव्हतं. कोठार गावाचंच, आणि गाव सगळं एकाच ढगाखाली.

शहर आलं, पण उशिरा आणि नदीने थोडं वर. आपल्या घोडेला कुकडी मिळते ना, त्या कुकडीकाठचं जुन्नर. सात-आठशे वर्षांनंतर, सातवाहनांच्या काळात. तोवर लोखंड आलं होतं, काळी जमीन फुटली होती, आणि नाणेघाटातून कोकणातल्या बंदरांकडे माल उतरत होता. पीक गेलं तर दुसरीकडून आणता येईल आणि जास्त झालं तर विकता येईल, अशी वाट झाली होती. किल्लीही प्रमुखाच्या कंबरेवरून बरीचशी सुटलेली. जुन्नरच्या एका लेण्यात कोरलेला लेख आहे : सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, ‘धञ्ञिकसेणी’चं दान. धान्य व्यापाऱ्यांची श्रेणी. आपल्या भाषेत अडत्यांची संघटना.

निवृत्त झालो त्याच्या पुढच्या रविवारी मी तिथे चढून गेलो. ब्राह्मी मला वाचता येत नाही. बरोबर आलेल्या पुतण्याने मोबाइलमधल्या तक्त्यावरून एक-एक अक्षर लावून वाचलं आणि ‘धञ्ञिक’पाशी आल्यावर मला म्हणाला, ‘‘काका, तुमचं खातं.’’ टाक्यात डोकावलो. चैत्र होता, आणि पाणी होतं.